बाटलीतील फुप्फुस-प्रतिकृती

लहान मुलांना श्वसनक्रिया समजावून देण्यासाठी वर्गातच करता येणारे साधन. तळ कापलेली प्लास्टिकची बाटली, तिच्या तोंडातून आत सोडलेल्या नळीला बांधलेला फुगा (फुप्फुस) आणि तळाशी ताणून बसवलेले रबर (श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा) एवढेच त्याचे भाग. रबर खाली ओढले की बाटलीतली जागा वाढते, दाब घटतो आणि बाहेरची हवा नळीवाटे फुग्यात शिरते. रबर सोडले की फुगा मिटतो. नळीभोवतीची फट मेणाने नीट बुजवली नसेल, तर फुगा हलतच नाही.

या प्रतिकृतीच्या मूळ काचपात्रातील रूपाचे श्रेय जर्मन ग्रंथांत बहुधा डच शरीरक्रियाविज्ञ फ्रान्सिस्कस डाँडर्स (१८१८–८९) यांना दिले जाते. तत्त्व मात्र बरेच जुने आहे. इंग्रज वैद्य जॉन मेओ (सु. १६४१–७९) यांनी भात्याच्या आत मूत्राशयाची पिशवी बसवून, छाती फुगते म्हणून हवा आत येते, हवा आल्यामुळे छाती फुगत नाही, हे दाखवले होते. त्यामुळे कल्पनेचे मूळ १७ व्या शतकात आणि काचपात्राचे रूप १९ व्या शतकात मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

प्रतिकृती काही बाबतींत दिशाभूल करते. खरे श्वासपटल विसावलेले असताना घुमटासारखे वर उचललेले असते व श्वास घेताना सपाट होते. बाटलीतले रबर आधी सपाट असते व खाली फुगते. बाटलीची भिंत स्थिर राहते, बरगड्या मात्र वर व बाहेर सरकतात. फुगा हवेत लोंबतो. फुप्फुस मात्र आवरणातील द्रवाच्या पातळ थरामुळे छातीच्या भिंतीलगत राहते. शिवाय फुप्फुस म्हणजे पोकळ पिशवी नव्हे, त्यात कोट्यवधी वायुकोश असतात. म्हणून आधी मुलांना उताणे निजवून पोटावर वही ठेवायला सांगावे. वही वरखाली होताना दिसली, की मगच बाटली पुढे आणावी. हा क्रम उलटला, तर मुले फुगा लक्षात ठेवतात आणि स्वतःची छाती विसरतात.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने अनुभवातून शिकण्यावर भर दिला. श्वसनाच्या पाठाला या भागात साधनांची वाण नाही. तालमीत बैठका मारून आलेल्या मुलाचे श्वास मिनिटभर मोजावेत, मग तो शांत बसल्यावर पुन्हा मोजावेत. सहा-सात वर्षांच्या मुलाचे विश्रांतीतील श्वास मिनिटाला साधारण १८ ते २५ असतात.

ऊसतोडीच्या हंगामात पेटवलेल्या पाचटाचा आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर मुलांच्या श्वासात जातोच. तो पाठातून वगळू नये. दमा असलेल्या मुलाला फुंकण्याच्या वा पळण्याच्या प्रयोगात ओढू नये. श्वासनलिका आकसल्या की हवा बाहेर काढणे का जड जाते, हे मात्र त्याच्या सोबत्यांना जरूर सांगावे. रिकामा किंवा फुटलेला फुगा घशात अडकू शकतो, म्हणून आठ वर्षांखालील मुलांच्या हाती तो सुटा देऊ नये.