नव्या नोंदीच्या ओळखक्रमांकाची प्राप्ती

संबंधात्मक डेटाबेसच्या तक्त्यात नवी नोंद भरताना प्रणालीने तिला आपोआप दिलेला क्रमांक ती भरणाऱ्या प्रोग्रामकडे परत आणण्याची क्रिया. संलग्न तक्त्यांतील ओळी मूळ नोंदीशी जोडण्यासाठी तो लागतो.

प्रणालीनेच निर्माण केलेल्या, स्वतःचा अर्थ नसलेल्या कळीची (नोंद ओळखण्याच्या मूल्याची), म्हणजे ‘सरोगेट की’ची, कल्पना सामान्यतः संबंधात्मक प्रतिमानाचे जनक ई. एफ. कॉड यांच्या १९७९ मधील लेखाशी जोडली जाते. परंतु हॉल, औलेट व टॉड यांनी ती १९७६ मध्येच मांडली होती आणि कॉड यांनी त्यांचा आधार घेतला आहे. म्हणून अग्रमान या तिघांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. एसक्यूएल या डेटाबेस-भाषेच्या मानकात ‘आयडेंटिटी’ स्तंभ, म्हणजे आपोआप क्रमांक भरला जाणारा स्तंभ, २००३ च्या आवृत्तीत आला. काही उत्पादनांत तशी सोय त्यापूर्वीच होती.

नोंद भरल्यावर तक्त्यातील सर्वांत मोठा क्रमांक विचारणे ही पद्धत सदोष आहे, कारण दोन आज्ञांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या वापरकर्त्याची नोंद पक्की झाल्यास तिचाच क्रमांक हाती येतो. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीतील ‘लास्ट इन्सर्ट आयडी’ हे फलन (फंक्शन) प्रोग्राम व डेटाबेस यांमधील प्रत्येक जोडणीपुरते स्वतंत्र असल्याने हा धोका टळतो. मात्र एकाच आज्ञेने अनेक ओळी भरल्यास ते त्यांपैकी पहिल्या ओळीचा क्रमांक देते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीतील दुहेरी ‘ॲट’ चिन्हाने सुरू होणारे ‘आयडेंटिटी’ हे मूल्यही जोडणीपुरतेच असते, पण त्याला व्याप्तीचे (आज्ञा ज्या कार्यखंडात चालते त्याचे) बंधन नसते : तक्त्यावरील ट्रिगरने, म्हणजे नोंद भरताच आपोआप चालणाऱ्या आज्ञासंचाने, एखाद्या नोंदवहीवजा तक्त्यात ओळ भरली आणि त्या तक्त्यालाही आयडेंटिटी स्तंभ असला, तर मूळ नोंदीऐवजी त्या ओळीचा क्रमांक मिळतो आणि चूक कोणत्याही त्रुटिसंदेशाविना डेटात मुरते. ‘स्कोप आयडेंटिटी’ हे फलन चालू व्याप्तीपुरते मर्यादित असल्याने ट्रिगरच्या बाबतीत ते ग्राह्य ठरते.

भरण्याच्या आज्ञेतूनच क्रमांक परत घेणे सर्वांत निर्दोष मानावे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्यासाठीचे ‘रिटर्निंग’ उपवाक्य ८.२ या आवृत्तीपासून (२००६), तर एसक्यूलाइटमध्ये ३.३५ पासून (२०२१) आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘आउटपुट’ उपवाक्य हेच काम करते, पण त्यातून येणाऱ्या ओळींचा क्रम भरलेल्या ओळींच्या क्रमाशी जुळेलच याची हमी नसते.

व्यवहार (एकत्रित पक्का होणारा आज्ञांचा गट) मागे घेतला तरी वापरलेला क्रमांक सहसा परत येत नाही, त्यामुळे मालिकेत खंड पडतात. यूयूआयडी, म्हणजे सर्वत्र एकमेव ठरणारा ओळखक्रमांक, प्रोग्रामनेच आधी तयार केल्यास क्रमांक परत मागवण्याची गरज उरत नाही.