पोर्ट्स संग्रह : योगदानाची बहुप्रणाली कार्यपद्धती

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एखाद्या संगणक प्रणालीवर बांधून बसवता यावे, यासाठी लिहिलेल्या कृतींचा साठा म्हणजे पोर्ट्स संग्रह. येथे फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या मुक्त संगणक प्रणालीचा संग्रह आणि लिनक्स, मॅकओएस वा विंडोजच्या यंत्रावरून त्यात भर घालण्याची रीत मुख्यतः विचारात घेतली आहे. ‘पोर्ट’चा येथील अर्थ बंदर नव्हे, एका प्रणालीवरचे सॉफ्टवेअर दुसरीवर नेणे, असा आहे.

संग्रहाचा आरंभ काही जण १९९३ मानतात, कारण फ्रीबीएसडीचे सहसंस्थापक जॉर्डन हबर्ड यांची पॅकेज (आधीच बांधलेले सॉफ्टवेअर) बसवण्याची साधने त्या वर्षीच्या ऑगस्टमधली आहेत. परंतु ती साधने तयार संचांसाठी होती. मूळ स्रोतापासून बांधणी करणारी सामाईक मेकफाइल (बांधणीच्या आज्ञांची फाइल) प्रकल्पाच्या स्रोत-भांडारात दाखल झाली २१ ऑगस्ट १९९४ रोजी. पोर्टचा गाभा बांधणीची कृती हाच असल्याने ही तारीख अधिक ग्राह्य वाटते. याच कल्पनेवर नेटबीएसडी या भावंड प्रणालीचा पीकेजीसोर्स हा संग्रह (१९९७) उभा राहिला. तो लिनक्स, मॅकओएस व सोलारिसवरही चालतो.

फ्रीबीएसडीचा संग्रह, बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनांपैकी, २०१२ मध्ये सीव्हीएसवरून सबव्हर्जनवर आणि २०२१ मध्ये गिटवर गेला. त्यामुळे त्याची प्रत कोणत्याही यंत्रावर घेऊन संपादन करता येते. बांधणी मात्र तशी होत नाही. मेकफाइली बीएसडी मेक या बांधणी-साधनाच्या बोलीत असतात, लिनक्सवरचा ग्नू मेक हे तसेच दुसरे साधन त्या वाचू शकत नाही. आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा. संपादकाने त्याजागी मोकळ्या जागा घातल्या की बांधणी अडते. विंडोजवर ओळीच्या शेवटी पडणारे जादा चिन्ह पॅच (मूळ स्रोतात करायच्या बदलांची फाइल) लागू होऊ देत नाही. मॅकवर लहान-मोठ्या अक्षरांचाच फरक असलेली दोन नावे सहसा एकच फाइल ठरतात.

म्हणून संपादन आपल्या यंत्रावर आणि पारख आभासी यंत्रातल्या (सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकातल्या) फ्रीबीएसडीवर, ही विभागणी सर्वांत भरवशाची. समजा, मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. मेकफाइलमधला आवृत्तीक्रमांक बदलायचा, पोर्ट-रिव्हिजनची (त्याच आवृत्तीच्या पोर्टमधील फेरबदलांच्या क्रमांकाची) ओळ असल्यास काढायची आणि ‘मेक मेकसम’ चालवायचे. डिस्टइन्फो या फाइलमध्ये उतरवलेल्या स्रोतसंचाची नवी शा-२५६ बेरीज (संच अस्सल आहे का हे ताडणारी खूण) व बाइटमधला आकार उतरतो. पुढे पूद्रिएर (फ्रेंचमध्ये दारूगोळ्याचे कोठार) हे बांधणी तपासणारे साधन स्वच्छ कोंडवाड्यात, म्हणजे प्रणालीच्या उरलेल्या भागापासून वेगळ्या ठेवलेल्या जेलमध्ये, पोर्ट बांधून, बसवून, पुन्हा काढून पाहते. काढल्यावर एखादी फाइल मागे उरली तर पोर्टने बसवलेल्या फाइलींची यादी चुकली आहे. लेखकाच्या यंत्रावर आधीच असलेले, पण पोर्टमध्ये न नोंदवलेले अवलंबित्व (त्याला लागणारे दुसरे सॉफ्टवेअर) येथेच उघडे पडते. ही पायरी गाळणे म्हणजे ती चूक इतरांच्या माथी मारणे होय. एआरएम-६४ या वेगळ्या प्रकारच्या प्रक्रियकासाठीची (प्रोसेसरसाठीची) बांधणी क्यूईएमयू या प्रक्रियकाची नक्कल करणाऱ्या साधनाच्या साहाय्याने त्याच यंत्रावर होते, पण फार संथ.

बदल गिटच्या पॅचरूपात बगझिला या तक्रारनोंदणी संकेतस्थळावर जोडतात. पोर्टच्या सांभाळकर्त्याने चौदा दिवसांत उत्तर न दिल्यास कमिटर (संग्रहात बदल दाखल करण्याचा अधिकार असलेला) तो बदल स्वतः दाखल करू शकतो. ज्यांना सांभाळकर्ताच नाही अशा पोर्ट्सपासून सुरुवात करणे नवख्यांना सोयीचे जाते.