जखमेवरच्या पाल्याची चाचणी: थोडी पार्श्वभूमी

बोट कापलं की त्यावर हळद दाबायची, हे आपल्याकडे कुणी मुद्दाम शिकवत नाही. तरीही मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, प्रमुख झाले होते. परिषदेने पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं.

या लढ्यात आजीच्या डब्यातली हळद उपयोगी पडली नाही. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली वहिवाट पुरावा ठरत नसे. परदेशातलं छापील लेखन मात्र चाले. म्हणून संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने उतारे धरून बत्तीस संदर्भ गोळा केले गेले. त्यात भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. वनस्पतींच्या चाचण्यांकडे मी तेव्हापासून याच नजरेने पाहतो: नेमकं काय वापरलं आणि काय घडलं, हे कुणी लिहून ठेवलं आहे का?

सुश्रुताने ते लिहून ठेवलं होतं. व्रणासाठी, म्हणजे जखमेसाठी, त्याने साठ उपक्रम (उपचार) सांगितले. त्यात काढा, कल्क (वाटून केलेला लगदा), तूप, तेल, वरून भुरभुरायचं चूर्ण अशी औषधाची रूपं वेगवेगळी मोजली आहेत. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. हळदीतलं कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये उतरतं. तेव्हा ‘हळदीचा अर्क’ एवढंच लिहिलं तर काहीच कळत नाही. तो कशात काढला, हे सांगायलाच हवं.

एकदांडीची गोष्ट आणखी वेगळी. तिलाच दगडीपाला किंवा कंबरमोडी म्हणतात. शेतात विळा लागला की हिचा पाला चुरगाळून रस पिळायचा, ही गावोगावची रीत. पण ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली, त्यामुळे जुन्या संहितांत ती सापडायची नाही. म्हणजे हा उपाय लोकांनी नंतर स्वतःच पारखून घेतलेला आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना मिळायला हवं.

पुण्यात अशा पाल्याच्या चाचणीला लागणारं बरंच काही हाताशी आहे. १९३३ पासूनचं टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे. १९४६ साली सुरू झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ १९५५ पासून इथेच आहे. फार्मसीचे विद्यार्थी आणलेली फांदी आधी तज्ज्ञांकडून ओळखून घेतात, तिचा वाळवलेला नमुना जपून ठेवला जातो आणि मगच पाला अर्क काढायच्या सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात जातो. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण झाड चुकलं तर पुढचं सगळं वाया.

उंदरांवरच्या खुल्या जखमेची पद्धत मॉर्टन आणि मेलोन यांनी १९७२ साली मांडली. पाठीवरचा कातडीचा तुकडा काढायचा, मलम लावायचं आणि जखमेचं क्षेत्रफळ ठराविक दिवसांनी मोजायचं. सोबत औषध न घातलेलं नुसतं मलम लावलेला गट हवाच, कारण जखम ओलसर आणि झाकलेली राहिली तरी ती लवकर भरते. मग श्रेय पाल्याचं की व्हॅसलिनचं? पुढे जखमेतल्या नव्या ऊतीतलं हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल मोजतात, त्यावरून त्वचेला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिन किती तयार झालं याचा अंदाज येतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांना नीतिसमितीची परवानगी लागते. त्यामुळे आधी प्लेटमधल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती वेगाने बुजतो, हे पाहणं वाढलं आहे.

एक अडचण मात्र उंदराच्या अंगातच आहे. त्याच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, तो जखमेच्या कडा ओढून आणतो. माणसाची जखम मुख्यतः तळातून नवी ऊती येऊन आणि वरून त्वचा सरकून भरते. म्हणून काही प्रयोगांत उंदराच्या जखमेभोवती सिलिकॉनची कडी टाके घालून बसवतात. मग कडा आकसत नाहीत आणि जखमेला तळातूनच भरून यावं लागतं.