जुनं दिसलं की ‘ब्रिटिशकालीन’?

छत्रपती संभाजीनगरात पाहुण्यांना जुनं शहर दाखवताना आपल्याकडचा माणूस हमखास एक वाक्य फेकतो: ‘हे इंग्रजांनी बांधलंय.’ दगडी कमान दिसली की इंग्रज, लाकडी जिना दिसला तरी इंग्रजच! वर्षानुवर्षं ऐकून आपल्यालाही ते खरं वाटायला लागलंय.

पण इथं इंग्रजांचं राज्य नव्हतंच. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, थेट 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. शहर त्याहून जुनं. मलिक अंबरानं 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं, भडकल दरवाजा 1612 चा. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी सुरतेत जेमतेम पाय रोवत होती, तेव्हा आपली ही कमान उभी होती. मनमाडहून येणारी रेल्वेसुद्धा निजामाच्या रेल्वेचीच.

मग इंग्रजांचं काहीच नाही का? आहे की, छावणी. पण तिथली फौजसुद्धा हैदराबाद कंटिंजंट: अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाच्या माथी. त्या पैशांच्या थकबाकीपायीच 1853 च्या तहात वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांकडे गेला. 1860 मध्ये नळदुर्ग परत मिळाला, वऱ्हाड नाही. मराठवाड्यात थेट इंग्रजी अंमल म्हणाल तर तो ही सात-आठ वर्षं, तीही धाराशिवकडे.

1857 मध्ये याच छावणीतल्या घोडदळानं बंड केलं. बंडवाल्यांना शिक्षा झाली तो काळा चबुतरा, म्हणजे आजचा क्रांती चौक. पाहुण्यांना इंग्रज दाखवायचेच असतील, तर तिथं न्या.