पाणी किती खोल आणि किती उंचीवर

विहिरीच्या पाण्याला रंग किंवा वास येऊ लागला की घाण कुठून आली याचा शोध सुरू होतो, आणि तिथेच दोन आकड्यांची गल्लत होते. एक, काठापासून पाणी किती खाली आहे. दुसरा, त्या पाण्याचा माथा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे.

पहिला आकडा टंचाईच्या कामाचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींत तो मोजते. मात्र पाणी कुठल्या दिशेला चाललंय, हे त्यावरून कळत नाही.

सोलापूर साधारण ४५० मीटर उंचीवर वसलंय. समजा, शहराबाहेरच्या उताराच्या रानात रंगाईचा एक हौद गळतोय. हौदाजवळच्या विहिरीचा काठ ४६८ मीटरवर, पाणी १२ मीटर खाली. म्हणजे पाण्याचा माथा ४५६ वर. माळावरच्या विहिरीचा काठ ४७२, पाणी १४ मीटर खाली, माथा ४५८. ओढ्याकाठच्या विहिरीचा काठ ४५९, पाणी अवघं ५ मीटरवर; माथा ४५४. पाणी खोलाकडे जातं असं धरून चाललं, तर संशय माळावरच्या विहिरीवर येईल. पण पाणी उंच माथ्याकडून कमी माथ्याकडे जातं, म्हणून खरा धोका ओढ्याकाठच्या, हाताशी पाणी असलेल्या विहिरीला आहे! त्या घरातली माणसं निर्धास्तपणे तेच पाणी पीत राहतात, म्हणून ही गल्लत मला फार गंभीर वाटते.

दिशा काढायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. नकाशावर पाण्याच्या माथ्याच्या सारख्या उंचीचे बिंदू जोडून समपातळी रेषा काढायच्या. पाणी ढोबळमानाने त्यांना काटकोनात, जास्त उंचीकडून कमी उंचीकडे वाहतं. मोजणी एकाच दिवशी, मोटारी सुरू होण्याआधी करावी. उपसा चालू असेल तर भोवतालची पातळी खचते आणि प्रवाहाची दिशा दाखवणारा नकाशावरचा बाण भलतीकडे वळतो. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासून ती पाण्यात सोडली की ओली खूण स्पष्ट दिसते. काठाची उंची मात्र मोबाइलवरून घेऊ नका. त्यात काही मीटरची चूक सहज होते, आणि इथे सगळा निर्णय दोन मीटरच्या फरकावर आहे. डंपी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायचं सर्वेक्षणाचं दुर्बिणीचं यंत्र, लावूनच ती काढावी.

आपल्याकडे खाली बेसॉल्टचा काळा कातळ. वरच्या मुरमात पाणी बऱ्यापैकी सरळ झिरपतं, पण कातळात ते भेगांची वाट धरतं, त्यामुळे घाण बाणापासून बाजूलाही सरकू शकते. खोल बोअरचं पाणी बऱ्याचदा वेगळ्या थरातलं असतं, म्हणून त्याचे आकडे विहिरींच्या नकाशात मिसळायचे नाहीत. नमुने आधी बाणाच्या दिशेच्या विहिरींचे घ्यावेत, मग दोन्ही अंगांच्या. आणि हौदाच्या वरच्या बाजूचा एक तरी घ्यावाच, म्हणजे तिथलं मूळचं पाणी कसं होतं ते कळतं.