पट्टा अडकणे वेगळे, पट्टा आवळणे वेगळे

जुनी गाडी घेताना अनेकजण सीट बेल्टचा पट्टा झटक्याने ओढून पाहतात आणि तो अडकला की बेल्ट ठीक असल्याचे मानतात. या तपासणीतून एवढेच कळते, की पट्टा गुंडाळणाऱ्या रिळाचे कुलूप काम करते आहे. त्याच रिळाला जोडलेला प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा भाग, शाबूत आहे की एखाद्या अपघातात वापरून संपला आहे, हे त्यावरून समजत नाही.

कुलूप ही निव्वळ यांत्रिक रचना आहे. गाडीचा वेग एकाएकी घटला किंवा गाडी बरीच कलली, की रिळाजवळच्या वाटीतली पोलादी गोळी जागची हलते, तिच्यावर टेकलेली खिटी उचलली जाऊन दातेरी चाकात अडकते आणि रीळ थांबते. पट्टाच झटक्याने ओढला, तर वेगळी यंत्रणा हेच काम करते. ताण गेला की कुलूप सुटते आणि पुढच्या वेळेसाठी तयार राहते. मात्र कुलूप पट्टा आहे तिथेच धरते, आत ओढून घेत नाही. जाड कपड्यांमुळे किंवा सैल बसल्यामुळे राहिलेली ढिलाई तशीच राहते आणि शरीर तेवढे पुढे फेकले जाते.

ही ढिलाई काढून घेणे हे प्रीटेन्शनरचे काम. 1981 साली मर्सिडीज-बेंझने एस-क्लास गाडीत तो एअरबॅगच्या जोडीने आणला. धडकेची नोंद होताच एअरबॅगचे नियंत्रण करणारा संगणक त्याला विजेचा संकेत देतो, आतला ज्वालाग्राही पदार्थ पेटतो आणि त्या गॅसच्या दाबाने दट्ट्या किंवा धातूच्या गोळ्यांची रांग ढकलली जाऊन रीळ उलटे फिरते. डोळ्याची पापणी लवण्याआधीच पट्टा काही सेंटीमीटर आत खेचला जातो. काही गाड्यांत रिळाऐवजी बकल खाली ओढले जाते. ही क्रिया एकदाच होते. पेटलेला प्रीटेन्शनर पुन्हा वापरता येत नाही, तो बदलावाच लागतो.

म्हणूनच साध्या रिळाला लावतो तसा हात याला लावणे धोक्याचे आहे. सीट किंवा खांबावरचे आवरण काढण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे, कारण बॅटरी तोडल्यानंतरही संगणकातील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठलेली असते. या तारांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. प्रीटेन्शनरची जोडणी ठीक आहे का हे पाहण्यासाठी त्यावर मल्टिमीटर लावू नये, कारण रोध मोजताना मीटर सोडतो तो अल्प प्रवाहही त्याला पेटवू शकतो. तपासणी योग्य निदान-यंत्रानेच करावी. त्याला ठोकणे, भोक पाडणे, उघडणे किंवा त्याच्याजवळ वेल्डिंग करणे टाळावे. नुकताच पेटलेला भाग तापलेला असतो. तो गार झाल्यावर हातमोजे घालून हाताळावा.

डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा सतत पेटत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. प्रीटेन्शनरच्या जागी रेझिस्टर (विजेला रोध करणारा छोटा भाग) बसवून तो दिवा विझवून देणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे: दिवा विझतो, प्रीटेन्शनर परत येत नाही. अपघातग्रस्त गाडीतून काढलेला, न पेटलेला प्रीटेन्शनर साध्या भंगारात देऊ नये. तो दाबयंत्राखाली किंवा भट्टीत गेला, तर तिथे उभ्या माणसाला इजा होऊ शकते. उत्पादकाच्या सूचनेनुसार प्रशिक्षित व्यक्तीकडून तो आधी नियंत्रित रीतीने पेटवून निकामी करून घ्यावा.