'शिक्षा' आणि 'हल्ली': एकच शब्द की नुसता सारखा आवाज?

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या दुकानांत मराठी, कन्नड आणि हिंदी एकदमच कानावर पडतात. ओळखीचा शब्द आला की आपण म्हणतो, "हा त्यांच्यातपण आहे की!" पण त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. काही शब्द खरोखर एकच असतात, अर्थ मात्र पांगलेले. काहींचा नुसता आवाज जुळतो.

'शिक्षा' पहिल्या प्रकारातला. संस्कृतात 'शिक्ष्' म्हणजे शिकणे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. शिकवणं, वळण लावणं, त्यासाठी दंड करणं, अशी अर्थाची वाट दिसते. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: कन्नडमध्येही 'शिक्षे' म्हणजे दंडच आणि 'शिक्षण' म्हणजे शिक्षण. भाषाकुळानं हिंदी आपली जवळची, कन्नड द्राविडी. अर्थ मात्र शेजारणीशी जुळला. 'कादंबरी'चंही तेच. बाणभट्टाच्या नायिकेचं हे नाव मराठी आणि कन्नड दोघींनी एका साहित्यप्रकाराला दिलं. हिंदीत त्याला 'उपन्यास' म्हणतात, आणि कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान!

आता 'हल्ली'. मराठीत आजकाल, कन्नडमध्ये पाल, भिंतीवरची. इथं अर्थाची वाट शोधत बसू नये, ती नाहीच. आपलं हल्ली अरबी 'हाल'वरून फारसीमार्गे आलं. कन्नड हल्ली अस्सल द्राविडी. जुन्या कन्नडमधल्या शब्दारंभीच्या 'प'चा पुढं 'ह' झाला. तमिळमध्ये दूध 'पाल्', कन्नडमध्ये 'हालु'. तसंच तमिळ 'पल्ली', कन्नड 'हल्ली'. म्हणजे कन्नड हल्लीचं खरं नातं आपल्या 'हल्ली'शी नाही, आपल्या 'पाल' या शब्दाशी आहे. संस्कृतातही पालीला 'पल्ली' म्हणत.

म्हणून नुसत्या कानावर विसंबू नये. अर्थ एकमेकांपर्यंत पोचतात का आणि आवाजाचा बदल इतर शब्दांतही तसाच झालाय का, हे दोन्ही बघावं.

गावांच्या नावांतलं 'हळ्ळी' आणखी वेगळं. त्याचा अर्थ खेडं. इंग्रजी पाटी वाचून आपण बंगळुरातल्या मारतहळ्ळीला सर्रास 'मारतहल्ली' लिहितो आणि कन्नड वाचणाऱ्याला खेड्याजागी पाल दिसते. हिंदीला 'ळ'ची अडचण असेल. आपल्या लिपीत तो आहे, रोजच्या बोलण्यात आहे, मग तो लिहायलाच हवा.